मिरचीच्या गावात कलमी

गेल्या महिन्यात या पानावर मसाल्यांविषयी लिहिताना मी सगळीकडे ‘दालचिनी’ लिहिलं, आणि भिवापूरहून आलेलं पहिलंच पत्र मला झापणारं निघालं. ‘आपल्याकडे कलमी म्हणतात. तुम्ही केव्हापासून पुण्याच्या झालात?’ चूक कबूल. वर्षानुवर्षं वर्गात वनौषधी शिकवून पुस्तकी शब्द जिभेवर बसला, दुसरं काही नाही. आज कलमीच म्हणू. तसाही हा शब्द जास्त बोलका आहे. कलम म्हणजे लेखणी, आणि सालीची ती गुंडाळी दिसतेही बोरूसारखीच. ‘दालचिनी’ आली फारसी ‘दारचीनी’वरून, म्हणजे चीनचं लाकूड. गंमत अशी की आपल्या किराणा दुकानात जी मिळते, तिला हेच नाव जास्त शोभतं. का, ते पहिल्याच उत्तरात येईल.

‘नागपूरला इतवारीच्या किराणा ओळीत दोन प्रकारची कलमी दाखवली. एक जाड आणि स्वस्त, दुसरी पातळ आणि चांगलीच महाग. खरी कोणती?’
(गृहिणी, भिवापूर)

दोन्ही खऱ्या, पण दोन वेगळ्या झाडांच्या. जाड ती कॅशिया. ती येते व्हिएतनाम, चीन, इंडोनेशिया या बाजूंनी, आणि आपल्या दुकानांतून बहुतेक वेळा हीच मिळते. पातळ ती मूळची श्रीलंकेची. केरळात आणि आपल्या कोकणातही ती होते. दोन्ही झाडं एकाच कुळातली. इतकंच काय, भातात घालता ते तेजपानही त्याच कुळातलं, फक्त हिमालयाच्या पायथ्याकडचं.

ओळखायला सोपं आहे. श्रीलंकेची साल कागदासारखी, एकात एक अनेक पदर गुंडाळलेली, रंगाने फिकट बदामी. बोटांनी दाबली तरी चुरा होतो. वास गोडसर, मऊ. कॅशियाचा एकच जाड पदर, दोन्ही कडांनी आत वळलेला, रंग तांबूस तपकिरी, आणि तुकडा मोडायला खलबत्ताच लागतो. चाखली तर जीभ चुरचुरते. ही परीक्षा अख्ख्या कलमीवरच चालते. एकदा भुकटी झाली की डोळ्यांना काही कळत नाही, मलाही नाही. भिवापुरी मिरचीला भौगोलिक मानांकन आहे. परक्या गावची मिरची कोणी तिच्या नावावर विकायला बसला तर तुम्ही लाल तिखट पाहून फसाल कदाचित, अख्खी मिरची पाहून नाही फसणार. कलमीचंही तसंच.

मसाला कुठून येतो हे लपवायची रीत फार जुनी आहे. ग्रीक इतिहासकार हेरोडोटसने लिहून ठेवलंय की मोठाले पक्षी कलमीच्या काड्यांची घरटी बांधतात आणि अरब लोक मांसाचे तुकडे टाकून ती पाडतात. व्यापाऱ्यांनी सांगितलं आणि त्याने लिहिलं! त्यामानाने इतवारीतल्या दुकानदाराने तुम्हाला दोन्ही समोर ठेवून दाखवल्या, हे कौतुकाचंच.

कोणती घ्यावी? सावजी रश्श्याला, मटणाला, गोळाभाताला कॅशियाच घ्या. त्या तर्रीत, खसखस आणि खोबऱ्याच्या वाटणात, श्रीलंकेची बिचारी हरवून जाते आणि पैसे पाण्यात जातात. चहात, खिरीत, रोज थोडी थोडी पोटात जाणार असेल तिथे मात्र पातळ घ्या. रोजच्यासाठी का, ते मधुमेहाच्या पत्रात सांगते.

‘कलमीची भुकटी करून ठेवली त वास काहून उडते? तिखट त सालभर टिकते.’
(शेतकरी, भिवापूर तालुका)

भाऊ, प्रश्न फार नेमका विचारलात. मिरचीचा तिखटपणा ज्या द्रव्यात आहे ते हवेत उडत नाही. म्हणून तिखटाचा रंग फिका पडतो, वास जातो, पण झणका राहतो. कलमीची सगळी किंमत तिच्या तेलात, आणि ते तेल उडणारं. अख्ख्या सालीत ते पेशींच्या आत कोंडलेलं असतं. दळलं की प्रत्येक कणातून त्याला वाट फुटते, आणि मिक्सर तापला की निम्मं काम तिथेच झालं समजा.

तेव्हा काडी अख्खीच ठेवा, काचेच्या घट्ट झाकणाच्या बरणीत, चुलीपासून दूर. लागेल तशी आठवड्यापुरती कुटा. कॅशिया आधी खलबत्त्यात फोडा आणि मगच मिक्सरमध्ये टाका, नाहीतर पात्याची धार जाईल.

अख्खी घेण्याला दुसरंही कारण आहे. 2023 साली अमेरिकेत लहान मुलांच्या सफरचंदाच्या गराच्या पाकिटांत शिसं सापडलं. मुळाशी गेल्यावर ते त्यात घातलेल्या कलमीच्या भुकटीतून आल्याचं निघालं. रंग आणि वजन वाढवायला शिशाचं पिवळं रसायन मिसळण्याची खोड हळदीच्या बाबतीतही माहीत आहे. अख्ख्या सालीत असं काही मिसळणं अवघड.

‘भुकटी घालून चहा उकळला की तळाशी बुळबुळीत थर बसतो. भेसळ असेल का?’
(महाविद्यालयीन विद्यार्थिनी, उमरेड)

नाही. सालीत डिंकासारखा चिकट अंश आणि पिष्ट असतं, गरम पाण्यात ते फुगतं. कॅशियात जरा जास्तच. काडीचा तुकडा टाकून उकळा आणि गाळा, बुळबुळ होणार नाही. तोच तुकडा दुपारच्या चहालाही चालतो.

‘वडिलांना शुगर आहे. मोबाइलवर निरोप आला की सकाळी एक चमचा कलमी मधात घेतली की गोळ्या बंद होतात. त्यांनी सुरूही केलं. बरोबर आहे का?’
(मुलगा, भिवापूर)

गोळ्या बंद करू देऊ नका. बाकीचं उत्तर सावकाश वाचा, पण हे आजच सांगा.

या निरोपाला बूड नाही असं नाही. 2003 मध्ये पाकिस्तानात मधुमेहाच्या 60 रुग्णांवर एक प्रयोग झाला. 1, 3 आणि 6 ग्रॅम कलमी 40 दिवस देऊन पाहिली आणि साखर उतरल्याचं दिसलं. बातमी जगभर पसरली. पुढे ठिकठिकाणी तसेच प्रयोग झाले, कुठे साखर उतरली, कुठे नाही. 2012 मध्ये कॉक्रेन या संस्थेने अशा 10 प्रयोगांतल्या 577 रुग्णांचा हिशेब एकत्र मांडला आणि मधुमेहासाठी कलमीची शिफारस करावी इतका पुरावा नाही असं म्हटलं. मोबाइलवर 2003 अजून फिरतंय, 2012 पोचलंच नाही.

आता त्या एका चमच्याकडे या. कॅशियात कुमारिन नावाचं द्रव्य असतं. काही माणसांच्या यकृताला ते जास्त झालं की सोसत नाही. युरोपच्या अन्नसुरक्षा संस्थेने रोजची मर्यादा ठरवली ती शरीराच्या दर किलोमागे 0.1 मिलिग्रॅम. म्हणजे 60 किलोच्या माणसाला 6 मिलिग्रॅम. एका ग्रॅम कॅशियात सरासरी 3 मिलिग्रॅमच्या आसपास कुमारिन निघतं. हिशेब तुम्हीच करा. दोन ग्रॅमलाच मर्यादा गाठली जाते, आणि चहाचा शीग भरलेला चमचा त्याच्या पुढे जातो. एखाद्या दिवशी गेलं तर काही होत नाही, रोज महिनोन्‌महिने हे नको. 15 किलोच्या मुलाला तर अर्ध्या ग्रॅमलाच मर्यादा येते. श्रीलंकेच्या कलमीत कुमारिन नावापुरतंच असतं. रोजच्यासाठी पातळ घ्या म्हटलं ते यासाठी.

वडिलांना यकृताचा त्रास असेल, रक्त पातळ करायची गोळी चालू असेल, तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय चमचाभर कलमी अजिबात नको. शुगरच्या गोळीवर भरपूर कलमी घेतली आणि साखर जास्त उतरली तर चक्कर येईल ती वेगळीच. शिवाय शुगर कमी करायला मध? मध ही साखरच.

काही जण म्हणतील, आयुर्वेदात तर आहे ना. आहेच. सितोपलादि चूर्ण घरोघरी असतं, त्याचं प्रमाण पाहा: खडीसाखर 16 भाग, वंशलोचन 8, पिंपळी 4, वेलची 2 आणि कलमी 1. एकतीस भागांत एक. जुन्या वैद्यांनी तिला शेवटी आणि सगळ्यांत कमी घेतलं. चमचा भरून चाटायला कोणी सांगितलं नव्हतं.

वडिलांना कलमी आवडत असेल तर बिनसाखरेच्या काळ्या चहात काडी टाकून द्या. तिच्या वासाने जिभेला गोडीचा भास होतो आणि साखर न घातल्याची हळहळ कमी होते. माझ्या मते मधुमेह्याला कलमीचा सर्वांत खात्रीचा उपयोग हाच.

‘घरात चांगला वास राहावा म्हणून उदबत्ती लावतो, पण आईला दम्याचा त्रास आहे. कलमी जाळली तर चालेल का?’
(शिक्षक, भिवापूर)

जाळू नका गुरुजी. धूर उदबत्तीचा असो की कलमीचा, दम्याला तो धूरच. उकळा.

नागपूर जिल्ह्यात राहून संत्र्याची साल फेकून देतो आपण! बहाराच्या दिवसांत दोन गिलास पाणी पातेल्यात घ्या, बोटभर कलमी टाका आणि अगदी मंद आचेवर पंधरा मिनिटं ठेवा. साल आधी टाकायची नाही. तिच्यातलं तेल भुर्रकन उडतं, कलमीचं सावकाश निघतं. कलमीचा वास पाण्याला धरला की मग धुतलेल्या सालीचे तुकडे टाका आणि गॅस बंद करून पातेलं उघडं ठेवा. बैठकीपर्यंत वास जातो. आईजवळ आधी थोडा वेळच करून पाहा, कारण काहींना उग्र वासानेही खोकला लागतो. संत्री नसतील त्या दिवसांसाठी साल सावलीत वाळवून डब्यात भरून ठेवा.

कपड्यांच्या कपाटात सुती फडक्यात दोन काड्या बांधून ठेवल्या तर बरं वाटतं. वास गेला की काडी मोडा, आत नवा निघतो. धान्यातली कीड मात्र यानं थांबत नाही. त्याला कडक ऊनच हवं.

‘कोकणातून कलमीचं रोप आणलं आहे. भिवापुरात जगेल का?’
(निवृत्त कर्मचारी)

काकाजी, जगेल, पण साल मिळेल ही आशा सोडा. दापोलीच्या कोकण कृषी विद्यापीठाने ‘कोकण तेज’ ही जात काढली ती दमट हवेसाठी, निचऱ्याच्या तांबड्या जमिनीसाठी, नारळी पोफळीच्या सावलीसाठी. आपल्याकडे मे महिन्यात पारा पंचेचाळिशीला जातो, आणि काळ्या मातीत पावसाळ्यात पाणी साचून मुळं कुजतात.

मोठ्या कुंडीत लाल माती, वाळू आणि शेणखत घालून लावा. सकाळचं कोवळं ऊन, नंतर सावली. उन्हाळ्यात कूलरच्या हवेच्या वाटेत ठेवलीत तर कूलरचं पाणी दोघांच्या कामी येईल. कोवळी पानं तांबडी फुटतात, दिसायला फार सुंदर. पान चुरडून हुंगा. कलमीचा नाही, लवंगेचा वास येईल, कारण पानात तेल वेगळं असतं. भातात तेजपानासारखं वापरा. कोकणात सालीसाठी झाड बुंध्याजवळ छाटतात. त्यातून फुटलेले अंगठ्याएवढे फोक पावसानंतर, रस वर चढलेला असताना सोलतात. वरची खडबडीत साल खरवडून काढतात, आतली वाळताना आपोआप वळते. कुंडीत यातलं काही व्हायचं नाही.

दोन पत्रांना एकत्र उत्तर: दाढदुखीवर कलमीचं तेल थेट लावू नका, हिरडी भाजते. लवंगेच्या बोळ्याने रात्र निघेल, सकाळी दाताचा डॉक्टर गाठा. आणि मुलांमध्ये कोरडी भुकटी चमच्याने गिळून दाखवायची पैज लागत असेल तर आधी डबा वर ठेवा. ती भुकटी श्वासनळीत गेली तर दवाखाना गाठावा लागतो.

‘आमच्याकडे कलमी फक्त मटणात आणि मसालेभातात. गोडात घालतात का?’
(नवी सून, भिवापूर)

घाला की. सासूबाईंना आधी सांगून घाला, म्हणजे झालं. कोहळ्याची बोंडं करता ना? कोहळं किसून गुळात शिजवताना दोन वाट्या किसाला पाव चमच्याहूनही कमी, ताजी कुटलेली पातळ कलमी घाला. गूळ विरघळल्यावर घाला, आधी नाही. मग कणीक मळा आणि तळा. कोहळ्याचा जो हिरवट वास काहींना आवडत नाही तो कलमी झाकते. त्या दिवशी वेलची मात्र घालू नका, दोघींचं एकमेकींशी जमत नाही.