पाण्यातून वाचलेले लाकडी चर्च
(ख्रिस्ती ऐक्य प्रार्थना सप्ताह, १८ ते २५ जानेवारी)



पानशेत म्हटले की १२ जुलै १९६१ हा दिवस आठवतो. धरण फुटले आणि पुणे पाण्याखाली गेले. पण याच धरणासाठी आंबी नदीच्या खोऱ्यातली गावेही उठली होती. गाव उठणे म्हणजे काय, हे इथल्या माणसाला समजावून सांगावे लागत नाही. म्हणून आज स्लोव्हाकियातल्या अशाच एका खोऱ्याची गोष्ट सांगतो.

तात्रा पर्वताच्या परिसरात, वाह नदीच्या खोऱ्यात पालुद्झा नावाचे गाव होते. तिथे लुथरन बांधवांचे लाकडी चर्च होते. लाकडी का? कारण तेव्हा राज्य कॅथलिक सम्राटाचे होते. १६८१ साली लुथरन लोकांना ठराविक ठिकाणीच चर्च बांधायची परवानगी मिळाली. तीही अटी घालून : चर्च वस्तीच्या कडेला हवे, लाकडाचेच हवे, त्याला मनोरा नको. लोकांनी अटी मानल्या, पण उपासना सोडली नाही. योसेफ लांग नावाच्या सुताराने १७७४ साली आठ महिन्यांत हे चर्च उभे केले. त्याला लिहिता-वाचता येत नव्हते असे सांगतात.

पुढे दोनशे वर्षांनी लिप्तोव्स्का मारा हे धरण आले. पालुद्झा बुडणार होते. तेव्हा चर्चचा सांगाडा उतरवून जवळच्या दुसऱ्या गावी नेला आणि तिथे पुन्हा उभारला. १९७४ साली सुरू झालेले काम १९८२ साली पुरे झाले. त्या गावाचे नाव आहे स्वेती क्रीश, म्हणजे 'पवित्र क्रूस'! त्याच जलाशयाच्या काठी पवित्र मरियेच्या जुन्या कॅथलिक चर्चचा मनोराही उभा आहे. पाण्याने कॅथलिक कोण आणि लुथरन कोण, हे पाहिले नाही.

आपण काय शिकावे?

पहिली गोष्ट : आपल्या लोकांकडूनही अन्याय झाला, हे कबूल करावे. प्रेशॉव्ह शहरात १६८७ साली लुथरन नागरिकांना ठार मारण्यात आले. २ जुलै १९९५ रोजी परमगुरुस्वामी दुसरे जॉन पॉल यांनी त्यांच्या स्मारकापाशी जाऊन प्रार्थना केली. त्याच दिवशी त्यांनी कोशित्से येथे, १६१९ साली कॅल्व्हिनपंथी सैनिकांनी मारलेल्या तीन कॅथलिक धर्मगुरूंना संतपद दिले. एकाच दिवशी दोन्ही बाजूंच्या जखमांची आठवण झाली.

दुसरी गोष्ट : दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने १९६४ सालीच सांगितले की, फुटीचा दोष दोन्हीकडचा आहे आणि इतर पंथीय ख्रिस्ती लोक आपले बंधूच आहेत. ३१ ऑक्टोबर १९९९ रोजी आउग्सबुर्ग येथे कॅथलिक व लुथरन प्रतिनिधींनी संयुक्त घोषणापत्रावर सह्या केल्या. देवाच्या कृपेनेच माणसाचे तारण होते, हे दोघांनी मिळून मान्य केले.

तिसरी गोष्ट : भिंती उतरवता येतात, हलवता येतात. खरी ख्रिस्तसभा म्हणजे तिथे जमणारी माणसे. संत पेत्राने त्यांनाच जिवंत दगड म्हटले आहे (१ पेत्र २:५).

घरी विचार करा

१. आपल्या नात्यात किंवा शेजारी प्रोटेस्टंट कुटुंब आहे का? त्यांच्याविषयी मुलांसमोर आपण कसे बोलतो?
२. योहान १७ वाचा. आपण एक व्हावे म्हणून प्रभूने मरणाच्या आदल्या रात्री प्रार्थना केली. तिला माझे उत्तर काय?

या आठवड्यात अशा एका घरी जाऊन भेट द्या आणि 'हे आमच्या स्वर्गातील बापा' ही प्रार्थना त्यांच्यासोबत म्हणा.