परसातील फळझाडांची ऋतुनिहाय निगा: कीड दिसण्यापूर्वीची कामे

परसातील पेरू, आंबा किंवा लिंबाच्या झाडाकडे आपले लक्ष बहुधा फळे लागल्यावरच जाते. फळात अळी आढळली की ‘कोणते औषध फवारावे?’ असा प्रश्न विचारला जातो. परंतु तोवर उशीर झालेला असतो. फळमाशीची मादी सालीखाली अंडी घालते. आतील अळीपर्यंत फवारलेले कीटकनाशक सहसा पोहोचत नाही. त्याचा अंश मात्र फळावर राहतो आणि ते फळ झाडावरून तोडून तसेच खाणारी मुले आपल्याच घरची असतात. म्हणून किडीच्या जीवनक्रमातील दुबळा टप्पा ओळखून त्या त्या ऋतूत उपाय करणे, हेच परसबागेतील कीड व्यवस्थापनाचे सूत्र होय.

पावसाळा

पेरूच्या पावसाळी बहरात फळमाशीचा उपद्रव सर्वाधिक असतो. पूर्ण वाढलेली अळी फळातून बाहेर पडून मातीच्या वरच्या थरात कोषावस्थेत जाते. त्यामुळे गळलेले प्रत्येक फळ पुढील पिढीचे बीज ठरते. अशी फळे रोज वेचून घट्ट बांधलेल्या प्लॅस्टिक पिशवीत भरून उन्हात ठेवावीत अथवा सुमारे २ फूट खोल पुरून वर माती दाबावी. ती उघड्या उकिरड्यावर टाकू नयेत. झाडावरील फळे हिरवी व कठीण असतानाच त्यांना कागदी पिशव्या बांधाव्यात.

मिथाईल युजेनॉलच्या सापळ्याकडे केवळ नर माश्या आकर्षित होतात. एकाच घरी सापळा लावल्यास शेजारच्या परसात मिलन झालेल्या माद्या येतच राहतात. हा उपाय संपूर्ण वस्तीने एकाच वेळी केला तरच फलदायी ठरतो.

लिंबाच्या नव्या पालवीवर पक्ष्याच्या विष्ठेसारख्या दिसणाऱ्या अळ्या आढळल्यास त्या फुलपाखराच्या होत. एक-दोन झाडांवर त्या हाताने वेचणे पुरेसे असते.

हिवाळा

उत्तर भारताच्या मैदानी प्रदेशात आंब्यावरील पिठ्या ढेकणाची अंडी जमिनीत असतात. डिसेंबर-जानेवारीत त्यांतून बाहेर पडणारी पिल्ले खोडावरून वर चढतात. डिसेंबरच्या मध्यापर्यंत खोडाभोवती जमिनीपासून सुमारे दीड फूट उंचीवर ४०० गेज जाडीची, २५ सें.मी. रुंद प्लॅस्टिकची पट्टी गुंडाळावी. दोन्ही कडा सुतळीने आवळाव्यात, सालीतील फटी चिखलाने बुजवाव्यात आणि खालच्या कडेला ग्रीस लावावे. पिल्ले एकदा फांद्यांवर पोहोचली की या पट्टीचा उपयोग उरत नाही.

याच काळात खोडाची तपासणी करावी. सालीवर भुसा व विष्ठेने गुंफलेली जाळी दिसल्यास ती साल खाणाऱ्या अळीची खूण समजावी. जाळी खरवडून काढावी, बिळात तार घालून अळी मारावी आणि छिद्र चिखलाने बंद करावे.

उन्हाळा

पिठ्या ढेकणाच्या माद्या एप्रिल-मे महिन्यांत झाडावरून उतरून मातीत अंडी घालतात. त्यानंतर खोडाभोवतीची माती हलकी चाळून अंडी उन्हात उघडी पाडावीत. मुळांना इजा होऊ देऊ नये. वाळलेल्या फांद्या छाटून जखमांवर बोर्डो पेस्ट लावावी. घरगुती वापरासाठी १०० ग्रॅम मोरचूद, १०० ग्रॅम चुना व १ लिटर पाणी हे प्रमाण घ्यावे आणि धातूचे भांडे टाळावे. कपडे वाळवण्याच्या दोरीसाठी खोडात खिळे ठोकण्याची सवयही सोडावी. सालीवरील प्रत्येक जखम रोगकिडींना वाट करून देते.

विस्तार कार्यकर्त्यांसाठी एक प्रात्यक्षिक

काचेच्या बरणीत दोन बोटे ओलसर वाळू घालून तीवर गळलेले दोन-तीन पेरू ठेवावेत आणि तोंडाला पातळ कापड बांधावे. साधारण दोन-तीन आठवड्यांत बरणीत माश्या दिसू लागतात. झाडाखाली राहिलेल्या फळातून काय निपजते, हे गावकऱ्यांना प्रत्यक्ष पाहता येते. ही बरणी पाहिल्यावर ‘कोणते औषध फवारावे?’ या प्रश्नाऐवजी ‘फळे कधी वेचावीत?’ असा प्रश्न विचारला गेला, तर प्रात्यक्षिक सफल झाले असे समजावे.