सनमायक्यावर रंग टिकेल का?

प्रश्न : स्वयंपाकघरातल्या कपाटांच्या सनमायक्यावर ऑइलपेंट मारता येईल का?

उत्तर : येईल, पण थेट नको. सनमायक्याचा वरचा थर मेलामाइनचा असतो आणि तो रंग शोषत नाही. म्हणून रंगाची पकड पूर्वतयारीवरच ठरते. फोडणीचा तेलकट थर आधी पूर्ण काढा, २२० नंबरच्या पॉलिशपेपरने चकाकी घालवा, धूळ पुसा आणि गुळगुळीत पृष्ठभागासाठीचा बाँडिंग प्रायमर लावा. ‘ऑइलपेंट आपोआप धरतो’ असं काही रंगारी सांगतात. तो वाळतो हे खरं, पण वाळणं म्हणजे चिकटणं नव्हे; मुठीपाशी, जिथे रोज हात लागतो, तिथे तो आधी सुटतो. रंग पुरता कडक व्हायला काही आठवडे लागतात, तोवर दारं घासू नका. सिंकखालचं प्लाय फुगलं असेल, तर मात्र रंगावर खर्च न करता ते दारच बदला.