आस्तिक, नास्तिक आणि अज्ञेयवादी

‘अमुक गृहस्थ नास्तिक आहेत’ असे उद्गार आपल्या कानांवर पुष्कळदा पडतात. बोलणाऱ्याच्या मनात त्या वेळी बहुधा निंदाच असते. परंतु ज्या शब्दाने एखाद्याची पारख करावयाची, त्या शब्दाचा अर्थ तरी आधी नीट समजून घ्यावा, या हेतूने आम्ही हा विषय विद्यार्थिमित्रांपुढे ठेवीत आहोत.

भारतीय दर्शनशास्त्रात ‘नास्तिक’ याचा रूढ अर्थ ‘वेदांचे प्रामाण्य न मानणारा’ असा आहे. म्हणून चार्वाक, बौद्ध आणि जैन ही दर्शने नास्तिक ठरली. उलट, पूर्वमीमांसा हे दर्शन वेदनिष्ठ, म्हणून आस्तिक. तथापि जगाचा कर्ता कोणी ईश्वर आहे या कल्पनेवर कुमारिलभट्टासारख्या मीमांसकानेच कठोर आक्षेप घेतले. पुढे नैयायिक उदयनाचार्यांनी ईश्वराच्या सिद्धीसाठी ‘न्यायकुसुमांजली’ हा स्वतंत्र ग्रंथ रचला. ईश्वर आहे की नाही, हा प्रश्न आपल्याकडे शतकानुशतके प्रमाणांनी लढविला गेला, हे यावरून ध्यानात येईल. ऋग्वेदाच्या दहाव्या मंडलातील 129 वे सूक्त तर सृष्टीच्या उत्पत्तीचा विचार करता करता शेवटी एका प्रश्नापाशीच थांबते.

आज व्यवहारात या शब्दांचा अर्थ पालटला आहे. ईश्वर आहे असे मानणारा तो आस्तिक. तसे न मानणारा तो नास्तिक. ‘याविषयी निश्चित ज्ञान होण्यास पुरेसा आधार आपणांपाशी नाही’ असे म्हणणारा तो अज्ञेयवादी. या तिसऱ्या भूमिकेला इंग्रजीत नाव दिले ते शास्त्रज्ञ थॉमस हेन्री हक्सले यांनी, 1869 साली.

हक्सले यांची ही भूमिका केवळ पुस्तकी नव्हती. सप्टेंबर 1860 मध्ये त्यांचा थोरला मुलगा स्कार्लेट फीव्हरने दगावला. त्याला चार वर्षेही पुरी झाली नव्हती. धर्मोपदेशक व कादंबरीकार चार्ल्स किंग्स्ले यांनी त्यांना सांत्वनाचे पत्र पाठविले. आत्मा अमर आहे असे मानले असते, तर त्या पित्याला केवढा दिलासा मिळाला असता! परंतु हक्सले यांनी उत्तरी कळविले की, आत्म्याचे अमरत्व आपण नाकारीत नाही व स्वीकारीतही नाही. ते खरे मानण्यास आपणांपाशी कारण नाही आणि खोटे ठरविण्यास साधनही नाही. एखादी गोष्ट गोड वाटते एवढ्याने ती खरी ठरत नाही, ही निष्ठा त्यांनी ऐन शोकातही सोडली नाही. किंग्स्ले यांच्याविषयीचा त्यांचा आदरही मतभेदाने उणावला नाही.

महाराष्ट्रात हीच बुद्धिनिष्ठा गोपाळ गणेश आगरकर (1856–1895) यांच्या ठायी दिसते. 1888 साली त्यांनी ‘सुधारक’ पत्र काढले व प्रत्येक रूढी विवेकाच्या कसाला लावली. त्यापायी पुण्यात त्यांच्या जिवंतपणीच त्यांची प्रेतयात्रा काढण्यात आली. परंतु त्यांच्या चारित्र्याविषयी विरोधकांनाही शंका नव्हती. ईश्वरावर श्रद्धा नसली म्हणजे नीतीही सुटते, या समजुतीला त्यांचे आयुष्य हेच उत्तर आहे.

मग खुले मन म्हणजे काय? सर्वांचेच खरे म्हणणे म्हणजे खुले मन नव्हे, आणि कोणतेच मत न बनविणे हेही नव्हे. आपले मत कोणत्या आधारावर उभे आहे हे जाणणे, आणि अधिक बळकट आधार पुढे आला तर ते बदलण्याची तयारी ठेवणे, म्हणजे खुले मन होय. ते आस्तिकापाशी असू शकते, नास्तिकापाशीही असू शकते. आणि हट्टही दोघांपाशी असू शकतो. नवसाला पावला म्हणून देव आहे, किंवा नवसाला पावला नाही म्हणून देव नाही, हे दोन्ही निर्णय सारखेच उतावळे होत.

एकाच घरात आजी सांजवात लावते आणि नातू प्रश्न विचारतो, हे दृश्य आता नवे नाही. आजीने प्रश्नाला पाप म्हणू नये. नातवाने श्रद्धेला मूर्खपणा म्हणू नये. आजीच्या हातची वात जळत असताना नातवाचा प्रश्नही त्या घरात निर्भयपणे विचारला जावा, एवढीच आमची अपेक्षा आहे.