वार्धक्यातील स्वावलंबन : हैदराबादचे काही धडे

सन २०११ च्या जनगणनेनुसार आपल्या देशात साठ वर्षे व त्यावरील वयाच्या व्यक्तींची संख्या १० कोटी ३८ लाख होती. त्यांपैकी सुमारे ७१ टक्के व्यक्ती ग्रामीण भागात राहत होत्या. महाराष्ट्रात हे प्रमाण एकूण लोकसंख्येच्या जवळजवळ दहा टक्के होते. त्यानंतर ही संख्या वाढतच गेली आहे. या सर्व वृद्ध मंडळींची अपेक्षा मात्र अगदी साधी असते. दोन वेळचे जेवण आपल्या हाताने घेता यावे, आपले आपण न्हाणीघरापर्यंत जाता यावे, देवळात किंवा पारावर चार माणसांत बसता यावे आणि अंथरुणाला खिळून दुसऱ्याच्या तोंडाकडे पाहण्याची वेळ येऊ नये, एवढीच ती असते.

जागतिक आरोग्य संघटनेनेही २०१५ मध्ये वार्धक्यातील आरोग्याची व्याख्या करताना हाच विचार मांडला. वृद्ध व्यक्तीला कोणते रोग आहेत यापेक्षा तिला काय काय करता येते, यावर तिचे आरोग्य ठरवावे, असे या व्याख्येचे सार आहे. हातापायांचे आणि डोळ्यांचे बळ शक्य तितके टिकवून धरणे हे म्हणूनच वृद्धसेवेचे पहिले उद्दिष्ट ठरते. या कामी सर्वांत मोठा अडथळा कोणता, याचा शोध घेतल्यास तो बहुधा घराघरांत सहजपणे उच्चारल्या जाणाऱ्या एका वाक्यात सापडतो. ते वाक्य म्हणजे, ‘आता वयच झाले.’

या विषयाचा विचार करताना हैदराबाद शहराकडे लक्ष वेधले जाते. मराठवाडा १ नोव्हेंबर १९५६ पर्यंत हैदराबाद राज्याचा भाग होता. सन १९०७ मध्ये स्थापन झालेल्या विवेक वर्धिनीसारख्या शिक्षणसंस्थेमुळे मराठी माणसाचे या शहराशी जिव्हाळ्याचे नाते जडले. आजही सीमेलगतच्या जिल्ह्यांतील अनेक रुग्ण उपचारांसाठी तेथे जातात. वृद्धांची दृष्टी, आहार आणि आधार या तिन्ही बाबतींत तेथे झालेले कार्य आपल्या गावांनाही उपयुक्त ठरणारे आहे.

दृष्टी : स्वावलंबनाचा पहिला आधार

हैदराबाद येथील एल. व्ही. प्रसाद नेत्रसंस्था १९८७ मध्ये सुरू झाली. या संस्थेच्या संशोधकांनी शहरातील ४१ वृद्धाश्रमांतील सुमारे १,२०० व्यक्तींच्या डोळ्यांची तपासणी केली. त्यांपैकी सुमारे ३० टक्के व्यक्तींची दृष्टी अधू असल्याचे आढळून आले. कारणांमध्ये मोतीबिंदूचा क्रमांक पहिला होता. अधू दृष्टीच्या जवळजवळ निम्म्या व्यक्तींमध्ये तेच कारण होते. त्याखालोखाल योग्य चष्मा नसणे हे कारण होते.

या निष्कर्षाचा अर्थ नीट समजून घेतला पाहिजे. मोतीबिंदू शस्त्रक्रियेने दूर होतो आणि नंबरचा दोष चष्म्याने जातो. म्हणजे ज्यांना कमी दिसत होते, त्यांच्यापैकी बहुतेकांची दृष्टी सुधारणे शक्य होते. वृद्धाश्रमात देखरेखीला माणसे असतात. तरीही तेथे ही स्थिती असेल, तर खेड्यात एकट्या राहणाऱ्या वृद्धेची काय कथा! तांदळातला खडा दिसेनासा झाला की ती निवडणे सोडते, समोरचा माणूस ओळखू येईनासा झाला की बाहेर जाणे सोडते, आणि घरातील मंडळी म्हणतात, ‘आता वयच झाले.’ वस्तुतः तिला गरज असते ती एका तपासणीची.

डोळ्यांचे उपचार वृद्धाच्या दारापर्यंत नेता येतात, हेही या संस्थेने दाखवून दिले. तिने १९९६ मध्ये तत्कालीन आदिलाबाद जिल्ह्यातील मुधोळ येथे ग्रामीण नेत्रकेंद्र सुरू केले. मुधोळ हे महाराष्ट्राच्या सीमेलगतचे गाव आहे. पुढे सुमारे पन्नास हजार लोकवस्तीमागे एक दृष्टिकेंद्र आणि पाच लाखांमागे शस्त्रक्रियेची सोय असलेले एक केंद्र, अशी रचना संस्थेने उभी केली. चष्म्यासाठी दृष्टिकेंद्र, मोतीबिंदूसाठी त्यावरचे केंद्र आणि गुंतागुंतीच्या विकारांसाठीच शहर, अशी ही उतरंड आहे. त्यामुळे वृद्धाचा प्रवास वाचतो व सोबत येणाऱ्या मुलाचा रोजगारही बुडत नाही. तेलंगण शासनाने १५ ऑगस्ट २०१८ रोजी मेदक जिल्ह्यातील मलकापूर येथून ‘कंटी वेलुगु’, म्हणजे ‘डोळ्यांचा प्रकाश’, ही मोहीम सुरू केली. तिच्या पहिल्या टप्प्यात दीड कोटींहून अधिक लोकांची नेत्रतपासणी झाली आणि गरजूंना विनामूल्य चष्मे देण्यात आले.

पडण्यापासून संरक्षण

म्हातारपणी एकदा पडणे हे पुष्कळदा परावलंबनाचे निमित्त ठरते. खुब्याचे हाड मोडल्यास काही महिने अंथरुणात जातात. हाड मोडले नाही, तरी मनात भीती बसते. भीतीमुळे चालणे कमी होते, चालणे कमी झाल्याने पायांचे स्नायू क्षीण होतात आणि क्षीण पायांमुळे माणूस पुन्हा पडतो. हे चक्र प्रारंभीच तोडणे आवश्यक आहे.

पडण्याची कारणे बहुधा घरातच असतात. निसरडी न्हाणी, उंच उंबरठा, वाटेत पडलेले पोते, टाचा झिजलेली सैल चप्पल आणि रात्रीचा अंधार ही त्यांतील नेहमीची कारणे होत. वयानुसार डोळ्यांना अंधाराची सवय होण्यास अधिक वेळ लागतो. झोपेतून एकदम उठून उभे राहिल्यास रक्तदाब उतरून भोवळ येऊ शकते. झोपेच्या व रक्तदाबाच्या काही गोळ्यांनी ही शक्यता वाढते. म्हणून घेत असलेली सर्व औषधे डॉक्टरांना दाखवावीत. मात्र कोणतीही गोळी परस्पर बंद करू नये.

यावरील उपाय अल्पखर्चाचे आहेत. न्हाणीघराच्या भिंतीला धरण्यासाठी मजबूत दांडा बसवावा. फरशी खडबडीत ठेवावी. उंबरठ्याला पांढरा रंग द्यावा. अंथरुणापासून मोरीपर्यंतच्या वाटेवर रात्री मंद दिवा ठेवावा. उठताना आधी अंथरुणावर क्षणभर बसावे व मग उभे राहावे.

चालणे कधीही सोडू नये. जागतिक आरोग्य संघटनेच्या शिफारशीनुसार ६५ वर्षांवरील व्यक्तींनी आठवड्यातून किमान १५० मिनिटे मध्यम श्रमाची हालचाल करावी आणि तीन दिवस तोल सावरण्याचे व बळ वाढविण्याचे व्यायाम करावेत. भिंतीला हात लावून एका पायावर काही क्षण उभे राहणे किंवा खुर्चीवरून हातांचा आधार न घेता उठणे व बसणे हे असे व्यायाम होत. प्रारंभी जवळ कोणी तरी असावे.

आहार

राष्ट्रीय पोषण संस्थेचा उगम १९१८ मध्ये कुन्नूर येथील एका लहानशा संशोधन केंद्रात झाला. सन १९५८ पासून तिचे कार्य हैदराबाद येथे चालते. या संस्थेने २०२४ मध्ये भारतीयांसाठी आहारविषयक १७ सुधारित मार्गदर्शक सूचना प्रसिद्ध केल्या असून त्यांत वृद्धांच्या पोषक आहाराचा स्वतंत्रपणे विचार केलेला आहे.

वृद्धांची भूक मंदावते, दात पडतात, चव कमी होते. मग चहा-बिस्किटे आणि पातळ वरण-भातावर दिवस काढले जातात. पोट भरते, पण स्नायूंना लागणारी प्रथिने मिळत नाहीत. प्रौढ व्यक्तीस शरीराच्या दर किलो वजनामागे सुमारे ०.८३ ग्रॅम प्रथिने रोज लागतात. पन्नास किलो वजनाच्या व्यक्तीस ती सुमारे ४२ ग्रॅम हवीत. यासाठी घट्ट वरण, उसळ, दूध, दही आणि चालत असल्यास अंडी किंवा मासे ताटात असावेत. दात नसल्यास भाकरी दुधात कुस्करून द्यावी आणि उसळ मऊ शिजवून घोटावी. हाडांसाठी नाचणी व तीळ उत्तम होत. शंभर ग्रॅम नाचणीत सुमारे ३५० मिलिग्रॅम कॅल्शियम असते. मीठ दिवसाला पाच ग्रॅमच्या आत, म्हणजे एका लहान चमच्याहून अधिक नसावे. उतारवयात तहानेची जाणीव मंदावते. म्हणून तहान लागण्याची वाट न पाहता पाणी किंवा ताक थोडे थोडे घेत राहावे. मूत्रपिंडाचा वा हृदयाचा विकार असणाऱ्यांनी या बाबतीत डॉक्टरांचा सल्ला घ्यावा.

आधार आणि हक्क

शरीर धड असूनही बोलायला माणूस नसेल, तर वृद्ध व्यक्ती खचते. हैदराबाद शहरातील वृद्धांसाठी २०१७ मध्ये टाटा ट्रस्ट्सच्या पुढाकाराने एक दूरध्वनी सेवा सुरू झाली. हीच सेवा पुढे ‘एल्डर लाइन’ या नावाने १ ऑक्टोबर २०२१ पासून संपूर्ण देशासाठी खुली करण्यात आली. १४५६७ या विनामूल्य क्रमांकावर निवृत्तिवेतन व कायदा यांविषयी माहिती, मनाला धीर आणि छळ होत असल्यास प्रत्यक्ष साहाय्य मिळू शकते.

पालक व ज्येष्ठ नागरिक यांच्या निर्वाह व कल्याणासंबंधीचा २००७ चा कायदा वृद्धांच्या पाठीशी आहे. स्वतःचा निर्वाह करू न शकणाऱ्या आईवडिलांना उपविभागीय स्तरावरील न्यायाधिकरणाकडे अर्ज करून मुलांकडून निर्वाहखर्च मागता येतो. देखभाल करण्याच्या अटीवर घर वा जमीन नावावर करून दिली आणि नंतर देखभाल नाकारली, तर तो व्यवहार रद्द ठरविण्याची मागणीही करता येते. तथापि, सही करण्यापूर्वी ही अट कागदावर स्पष्टपणे लिहून घेणे केव्हाही शहाणपणाचे होय.

गावाने काय करावे?

या कामाचा प्रारंभ शाळेतून होऊ शकतो. शिक्षकांनी विद्यार्थ्यांना आपल्या आजी-आजोबांविषयी चार प्रश्न विचारण्यास सांगावे. सुईत दोरा ओवता येतो का? अंगणापलीकडचा माणूस ओळखू येतो का? गेल्या वर्षभरात कधी पडणे झाले का? काल जेवणात डाळ, दूध वा उसळ होती का? उत्तरांची यादी आशा कार्यकर्तीकडे द्यावी. तिने ती प्राथमिक आरोग्य केंद्रात पोहोचवावी आणि वैद्यकीय अधिकाऱ्यांनी नेत्रतपासणीचा दिवस ठरवावा. ग्रामपंचायतीने त्या दिवशी वाहनाची सोय करावी आणि पाणवठा, देऊळ व दवाखाना यांच्या पायऱ्यांना कठडे बसवावेत. ग्रामसेवकाने एकट्या राहणाऱ्या वृद्धांची नोंद ठेवावी व त्यांचे निवृत्तिवेतन वेळेवर मिळते की नाही, हे पाहावे.

यांतील एकही काम मोठ्या खर्चाचे नाही. घरातील वृद्धाने एखादे नित्याचे काम सोडल्याचे दिसले की ‘वय झाले’ असे म्हणून गप्प न बसता, ते काम त्याने का सोडले, हे विचारावे. उत्तर पुष्कळदा एका चष्म्यात, भिंतीवरच्या एका दांड्यात किंवा घट्ट वरणाच्या एका वाटीत मिळते. ते वेळीच मिळाले, तर आजी पुन्हा आपल्या हाताने तांदूळ निवडू लागते.