बंदरातली जहाजे कशी ओळखावी?

मंडळी, आम्ही एकदा मुंबईच्या गेटवेवरून लाँचने घारापुरीला निघालो होतो. लाँच धक्क्यापासून सुटली, तोच डाव्या हाताला करड्या रंगाची मोठमोठी जहाजे दिसू लागली. ही आपल्या आरमाराची गोदी. शेजारच्या एका शेतकरीदादांनी झटकन मोबाईल काढला. लाँचवरचा पोरगा लगेच ओरडला, "दादा, तिकडचा फोटो नका काढू! गेटवेचा काढा, पोरांचा काढा."

दादा वरमले. म्हणाले, "जहाज तर उघड्यावर उभं आहे. सगळी दुनिया बघते. मग फोटोनं काय बिघडतं?"

प्रश्न रास्त आहे. त्याचे उत्तर देऊच. पण आधी जहाज बघावे कसे, ते पाहू.

प्रथम रंग बघावा. आरमाराचे जहाज करडे असते. दूरच्या धुरकट पाण्यात ते चटकन उठून दिसू नये, म्हणून हा रंग. किनारा सांभाळणाऱ्या तटरक्षक दलाची जहाजे पांढरी असतात. मालाच्या जहाजाला रंगाचे बंधन नाही. त्याची मागची बाजू बघावी. तिथे जहाजाचे नाव आणि त्याच्या नोंदणीच्या बंदराचे नाव लिहिलेले असते. मालाच्या जहाजाचा पाण्याखालचा भाग बहुधा तांबडा रंगवतात. तांबडा पट्टा खूप वर दिसला, तर जहाज रिकामे. तो पाण्यात बुडालेला असला, तर पोटात माल भरलेला. आपली बैलगाडी ओझ्याने दबते, तसेच हे.

लढाऊ जहाजाच्या अंगावर इंग्रजी अक्षर आणि आकडा रंगवलेला असतो. 'डी' असेल तर ती विनाशिका, म्हणजे मोठे लढाऊ जहाज. 'एफ' असेल तर फ्रिगेट. हे विनाशिकेहून बहुधा लहान. 'आर' असेल तर विमानवाहू जहाज. त्याच्या सपाट पाठीवरून विमाने उडतात.

या आकड्यांतही इतिहास असतो, बरं का! 'आर ११' हा आकडा पहिल्या 'विक्रांत'चा. हे जहाज १९६१ साली आपल्या आरमारात आले. १९७१ च्या युद्धात त्याच्यावरच्या विमानांनी बंगालच्या उपसागरात मोठी कामगिरी केली. १९९७ साली ते निवृत्त झाले. काही वर्षे मुंबईत त्याचे संग्रहालय होते, लोक वर चढून पाहत. पुढे ते भंगारात गेले आणि मुंबईच्या दारूखान्यात तोडले गेले. ते राखायला हवे होते, असे आम्हांला अजून वाटते. २ सप्टेंबर २०२२ रोजी कोचीला नवे 'विक्रांत' आरमारात दाखल झाले. हे आपल्याच देशात बांधलेले. त्यालाही 'आर ११' हाच आकडा दिला आहे. आजोबांचे नाव नातवाला ठेवावे तसा! त्याच दिवशी आरमाराचा झेंडाही बदलला. नव्या झेंड्यावर निळ्या अष्टकोनात नांगर आहे. तो अष्टकोन शिवाजी महाराजांच्या राजमुद्रेवरून घेतला आहे.

डोक्यावर घरघर झाली तर वर बघा. कुलाब्याला आरमाराच्या हेलिकॉप्टरांचा तळ आहे. पुढे काचेचे गोल तोंड, वर तीन पाती आणि खाली तीन चाके, असे छोटे हेलिकॉप्टर दिसले तर ते बहुधा 'चेतक'. बुडणाऱ्या माणसाला ते दोराने वर ओढून घेते. खाजगी किंवा प्रवासी विमानाच्या अंगावर मात्र 'व्हीटी' ही अक्षरे असतात. ती भारताची खूण.

आता दादांचा प्रश्न. डोळ्याने पाहिलेले आपण विसरतो. फोटो विसरत नाही. तो मोठा करून बघता येतो. मोबाईलच्या फोटोत दिवस, वेळ, कधी कधी जागाही नोंदलेली असते. दोन महिन्यांचे दोन फोटो शेजारी ठेवले, की कोणते जहाज दुरुस्तीला आले, कोणते निघून गेले, कशावर नवे यंत्र बसले, हे शत्रूला घरबसल्या कळते. फोटो काढणाऱ्याच्या मनात काही नसते. पण तो फोटो व्हॉट्सअॅपवर गेला, की कुठे जाईल ते कोण सांगणार? फेसबुकवर गोड बोलून ओळख काढणारे आणि मग असलेच फोटो मागणारेही असतात. देशाच्या सुरक्षेला बाधक हेतूने गोदीची माहिती किंवा नकाशे गोळा करणाऱ्याला १९२३ च्या गुपिते कायद्याखाली चौदा वर्षांपर्यंत कैद होऊ शकते.

इंग्लंडात पोर्टस्मथ बंदराच्या तोंडाशी लोक उभे राहून खुशाल लढाऊ जहाजांचे फोटो काढतात. तिथे तो छंदच आहे. आपल्याकडे पाटी वाचावी, आणि शंका आली तर पहारेकऱ्याला विचारावे. हौस पुरवायची तर ४ डिसेंबरचा नौदल दिन आहे. २०२३ साली तो मालवणजवळ तारकर्लीला झाला. तेव्हा किनाऱ्यावरच्या लोकांनी जहाजे आणि विमाने डोळे भरून पाहिली.

किनाऱ्यावर राहणाऱ्यांनी आणखी एक अक्षरओळख करून घ्यावी. मासेमारीच्या बोटीवर नोंदणीचा क्रमांक असतो. त्यात 'एमएच' म्हणजे महाराष्ट्र, 'जीजे' म्हणजे गुजरात. नोव्हेंबर २००८ मध्ये अतिरेक्यांनी पोरबंदरची 'कुबेर' ही बोट समुद्रात पळवली, तिच्या तांडेलाला मारले आणि रबरी होडीतून ते कफ परेडच्या मच्छीमार वस्तीत उतरले. वस्तीतल्या माणसांनी त्यांना पाहिले होते. अशी अनोळखी बोट दिसली तर तिचा क्रमांक, रंग, दिशा आणि वेळ टिपून ठेवा. लगेच सागरी पोलिसांना १०९३ वर फोन करा. समुद्रात कोणी संकटात असेल तर तटरक्षक दलाचा क्रमांक १५५४. हे दोन्ही आकडे होडीच्या फळीवर रंगाने लिहून ठेवता येतील.