नव्या हॉकमॉथचं वर्णन कसं करावं

साहित्य: एक नर पतंग, जमल्यास त्याच ठिकाणचे आणखी काही नर आणि माद्या, कीटक टोचायच्या बारीक टाचण्या, मधोमध खाच असलेली पंख पसरायची फळी, दहा टक्क्यांचं पोटॅशियम हायड्रॉक्साइड, कुंचला, सूक्ष्मदर्शक आणि या कुळावर आजवर छापलेलं सगळं. यातली शेवटची गोष्ट जमवतानाच खरा कस लागतो.

आधी कागद. जंगलातून पतंग गोळा करायचे तर वनखात्याची लेखी परवानगी हवी. ती नसेल तर पुढच्या पायऱ्या चढूच नका. परवानगी हातात आली की अमावास्येच्या आसपासची रात्र निवडा, पांढरी चादर ताणून बांधा आणि तिच्यासमोर मर्क्युरीचा दिवा लावा. लवकर गाशा गुंडाळू नका, कारण कित्येक हॉकमॉथ मध्यरात्र उलटल्यावरच येतात.

पतंग जिवंत असतानाच त्याचे फोटो काढा, पाठीकडून आणि पोटाकडूनही. हॉकमॉथचा हिरवा रंग संग्रहात टिकत नाही, काही वर्षांत तो मातकट होतो. मग पतंग मारा. मोठ्या पतंगाच्या छातीत अमोनियाचा एक थेंब टोचला की पुरतो. एक पाय कापून डीएनएसाठी अल्कोहोलमध्ये ठेवा. त्याच रात्री चिठ्ठीवर ठिकाण, अक्षांश-रेखांश, उंची, तारीख, गोळा करणाऱ्याचं नाव आणि दिव्याचा प्रकार लिहून टाका. चिठ्ठी नसलेला पतंग दिसायला कितीही सुंदर असला तरी शास्त्राच्या कामाचा नाही. फळीवर लावताना पुढच्या पंखाची मागची कड धडाशी काटकोनात येऊ द्या.

आता मुख्य काम, म्हणजे हा पतंग नवा नाही हे सिद्ध करण्याचा मनापासून प्रयत्न. खवले झडलेला म्हातारा नर, वेगळ्या ऋतूत निघालेली मादी, शेजारच्या देशात शंभर वर्षांपूर्वीच नाव मिळालेली जाती, हे सगळे पहिल्या नजरेला नवेच वाटतात. भारतातल्या पतंगांसाठी सुरुवात बेल आणि स्कॉट यांच्या १९३७च्या खंडापासून करा. बेल हे कारवारला राहिलेले वनाधिकारी. त्यांनी सुरवंट घरी वाढवून त्यांची नोंद केली, म्हणून त्या पुस्तकात पतंगाइतकंच त्याच्या खाण्याच्या झाडाबद्दलही वाचायला मिळतं. त्यानंतर रॉथशिल्ड आणि जॉर्डन यांचा १९०३चा ग्रंथ. पण छापील वर्णनावर थांबू नका. जवळच्या प्रत्येक जातीचा मूळ नमुना, म्हणजे ज्याच्यावरून ते नाव ठरलं तो पतंग, पाहावाच लागतो. असे बरेच नमुने लंडनच्या नॅचरल हिस्टरी म्युझियममध्ये आहेत. जाणं शक्य नसेल तर फोटो मागवा, आणि चिठ्ठ्यांचेही मागवा.

पंखांवरची नक्षी फसवते, म्हणून पोट उघडायचं. पोटाचा भाग अलगद तोडून पोटॅशियम हायड्रॉक्साइडमध्ये रात्रभर भिजत ठेवा. घाई असेल तर पाण्याच्या भांड्यात ठेवून मंद गरम करा, मात्र उकळी येऊ देऊ नका. मांस विरघळलं की कुंचल्यानं खवले झाडा आणि जननांगं वेगळी करा. नराचे आकडे, झडपा आणि शिश्नाच्या आतल्या नळीवरचे काटे यांचे आकार जातीजातीत बदलतात. या कामाला चांगले दोन तास लागतात आणि हात थरथरणाऱ्याने सकाळीच बसावं. तयार भाग काचपट्टीवर किंवा ग्लिसरीनच्या इवल्या कुपीत ठेवा आणि पतंगाचाच क्रमांक तिलाही द्या.

डीएनएचा पुरावा जोडा, पण सगळा भार त्याच्यावर टाकू नका. मादागास्करचं उदाहरण बघा. तिथल्या एका ऑर्किडची मधाची नळी जवळजवळ तीस सेंटिमीटर लांब पाहून तेवढ्याच सोंडेचा पतंग असणार, असं डार्विनने १८६२मध्ये लिहिलं. तो हॉकमॉथ असणार, हे वॉलेसने १८६७मध्ये मांडलं. १९०३मध्ये तो सापडला खरा, पण आफ्रिकेतल्या झँथोपॅन मॉर्गनाय या जातीची उपजाती म्हणून नोंदला गेला. झँथोपॅन प्रेडिक्टा ही स्वतंत्र जाती ठरायला २०२१ उजाडलं. तेव्हा डीएनएतल्या फरकासोबत अंगरचनेतले फरकही मांडले गेले, आणि एका नराची सोंड २८.५ सेंटिमीटर भरली. पतंग शतकभर संग्रहात होता, कमी होती ती तुलनेची.

वेगळेपण टिकलं तर लिहायला बसा. सुरुवातीलाच ही नवी जाती आहे असं स्पष्ट लिहा. एकच नमुना होलोटाइप, म्हणजे या नावाचा मूळ नमुना, ठरवा आणि तो कोणत्या संग्रहात राहील ते सांगा, बाकीचे जोडीचे नमुने म्हणजे पॅराटाइप. पुढच्या पंखाची लांबी मुळापासून टोकापर्यंत मोजा. मग निदान लिहा: जवळच्या जातीत काय आहे आणि इथे काय आहे. हा परिच्छेद छोटा पण धारदार हवा, कारण लोक तोच वाचतात. पाल्हाळिक रंगवर्णन त्यानंतर.

नाव रोमन लिपीतच असावं लागतं. वर्णन मात्र कोणत्याही भाषेत चालतं, नियमानुसार अगदी मराठीतही, पण जगाने वाचावं असं वाटत असेल तर इंग्रजीत लिहा. स्वतःचं नाव पतंगाला देऊ नका. नियम आड येत नाही, पण लोक हसतात. लेख फक्त ऑनलाइन निघणार असेल तर आधी झूबँक या प्राण्यांच्या शास्त्रीय नावांच्या ऑनलाइन नोंदवहीत नोंदणी करून तिचा क्रमांक लेखातच छापावा लागतो. तो राहिला तर नाव ग्राह्य धरलं जात नाही.

शेवटी होलोटाइपला लाल चिठ्ठी लावून तो नेमलेल्या संस्थेकडे द्या. भारतात जैवविविधता कायदा, २००२ नुसार नव्या जातीची माहिती आणि नमुना अधिकृत भांडाराकडे देणं बंधनकारक आहे. प्राण्यांसाठी असं एक भांडार म्हणजे भारतीय प्राणी सर्वेक्षण संस्था. पाठवण्याआधी पोट तेलकट झालंय का तेवढं पाहून घ्या, जाड हॉकमॉथच्या बाबतीत ते हटकून होतं.